सामायिक टपालपेटीचे राखणदार

पेढीवर दिवाबत्ती होऊन गादीवर बसल्याबरोबर टपाल फोडणे, हे पूर्वी मुनीमजींचे दिवसातील पहिले काम असे. हुंड्या एकीकडे, मालाच्या पावत्या दुसरीकडे, उधारीचे तगादे तिसरीकडे आणि लग्नपत्रिका घरात, अशी वाटणी घटकाभरात आटोपत असे. टाकून देण्याजोगे कागद त्या ढिगात फारच थोडे निघत. त्या काळी लोक अधिक सज्जन होते, हे याचे कारण नव्हे. पत्र धाडणाऱ्यास तिकिटाचे पैसे आपल्या खिशातून मोजावे लागत, हे खरे कारण होय. क्वचित एखादे पत्र तिकिटाविना येई, त्यास ‘नॉटपेड’ म्हणत. ते घ्यावयाचे तर दुप्पट आकार भरावा लागे. परंतु ते न घेता परत करण्याची मुभा होती, आणि पोस्टमन ते निमूटपणे परत नेई.

ई-मेलने ही व्यवस्था उलटी केली आहे. आता येणारे प्रत्येक पत्र एका अर्थी नॉटपेडच असते. धाडणाऱ्यास खर्च जवळजवळ नाहीच. वाचण्याचे, निवडण्याचे आणि फसल्यास भुर्दंड भरण्याचे सारे ओझे मात्र घेणाऱ्याच्या माथी. परत करण्याची मुभाही उरलेली नाही. कारण पत्र नकोसे आहे हे कळेपर्यंत ते आपल्या घरात येऊन बसलेले असते. अशा अनाहूत पत्रांस सर्वत्र ‘स्पॅम’ म्हणतात. हा शब्द मुळात एका डबाबंद अभक्ष्य पदार्थाचे व्यापारी नाव. १९७० सालच्या एका इंग्रजी विनोदी नाट्यप्रवेशात त्याचा इतका घोष झाला की, नको असता कानी कपाळी ओरडणाऱ्या प्रत्येक गोष्टीस पुढे तेच नाव पडले.

आपल्या संघाचे सभासद बेळगाव, निपाणी, कोल्हापूर, सांगली असे विखुरलेले आहेत. या सर्वांना एकत्र बोलता यावे म्हणून संघाने एक सामायिक ई-मेल पत्ता ठेविला आहे. त्यावर एकाने पत्र धाडले की ते सर्व सभासदांस पोचते. कोणाच्या गोदामात जागा मोकळी आहे, वस्तू व सेवा कराच्या विवरणपत्रातील अडचण कशी सोडवावी, कोणाच्या घरी दुःखद घटना घडली, कोणत्या होतकरू तरुणास नोकरीची गरज आहे, ही सारी वार्ता त्यावरून फिरते. या पत्त्यावर येणारी पत्रे पाहून योग्य ती पुढे सोडणे व अयोग्य ती अडविणे, हे काम कार्यकारिणीने गेली काही वर्षे आम्हा तिघांकडे सोपविले आहे. या कामात जे शिकलो आणि जेथे चुकलो, ते सभासदबंधूंपुढे व भगिनींपुढे मांडावे, असे आम्हांस वाटते. आमचे मत थोडक्यात असे की, सामायिक पेटीची राखणदारी हे कारकुनी काम नसून ती विश्वस्ताची जबाबदारी आहे. आणि विश्वस्ताने जसा पैचा हिशेब द्यावा, तसा राखणदाराने अडविलेल्या प्रत्येक पत्राचा हिशेब दिला पाहिजे.

हा उपद्रव नवा नाही. संगणकांचे जाळे अगदी बाल्यावस्थेत असताना, नोव्हेंबर १९७५ मध्ये, जॉन पोस्टेल या अमेरिकन संशोधकाने एका छोट्या टिपणात लिहून ठेविले होते की, नको असलेली पत्रे नाकारण्याची सोय या व्यवस्थेत नाही आणि ती असावयास हवी. त्यानंतर अडीच वर्षांनी, मे १९७८ मध्ये, संगणक तयार करणाऱ्या एका कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याने सुमारे ४०० जणांना आपल्या नव्या यंत्राची जाहिरात एकाच वेळी धाडली. पत्त्यांची यादी इतकी लांबली की ती पत्त्याच्या जागेत न मावता मजकुरात उतरली! घेणारे संतापले, तक्रारी झाल्या; पण म्हणतात त्याप्रमाणे काही यंत्रेही खपली. त्या एका वाक्यात पुढील सारा इतिहास सामावलेला आहे. एप्रिल १९९४ मध्ये ॲरिझोनातील एका वकील दांपत्याने अमेरिकेतील वास्तव्य परवान्याच्या सोडतीची जाहिरात हजारो चर्चा-मंडळांत एकदम टाकली, तेव्हा तर लोकांच्या संतापास पारावार राहिला नाही. तथापि जाहिरातीमुळे आपणांस गिऱ्हाईक मिळाले, असेच ते दांपत्य अभिमानाने सांगत राहिले.

व्यापाऱ्यास यातील गणित समजावून सांगणे नलगे. लाख पत्रे धाडण्यास नाममात्र खर्च येतो. त्यांपैकी एकाने जरी पैसे दिले, तरी धाडणारा नफ्यात. उरलेल्या नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णवांचा वेळ त्याच्या खतावणीत कोठेच नावे पडत नाही. यास्तव विनवणीने किंवा संतापाने हा प्रकार थांबणार नाही, हे प्रथम ओळखले पाहिजे.

कायद्याने थांबेल काय? अमेरिकेने २००३ साली याविषयी कायदा केला. आपल्याकडे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१८ साली कडक नियम केले. व्यापारी संदेश धाडणाऱ्यास आपले नाव व मजकुराचा नमुना आधी नोंदवावा लागतो, आणि १९०९ या क्रमांकावर कोणाही ग्राहकास अशा संदेशांची मनाई नोंदविता येते. सभासदांनी ती अवश्य नोंदवावी. परंतु हे नियम दूरध्वनी व त्यावरील लघुसंदेश यांपुरतेच आहेत. ई-मेल किंवा व्हॉट्सॲपवरील गट त्यांच्या कक्षेत येत नाहीत. तेव्हा आपल्या सामायिक पेटीची राखण आपली आपणच केली पाहिजे.

या कामी यंत्राचे साहाय्य मिळते, ते दोन प्रकारचे. पहिला प्रकार शब्द तोलण्याचा. कोणते शब्द फसव्या पत्रांत अधिक आढळतात आणि कोणते खऱ्या पत्रांत, याचे प्रमाण यंत्र पूर्वीच्या पत्रांवरून शिकते व नव्या पत्राचे वजन करते. दुसरा प्रकार ओळख पटविण्याचा. ई-मेलच्या मूळ रचनेत पाठविणाऱ्याच्या जागी कोणाचेही नाव लिहिता येत असे आणि ते कोणी तपासत नसे. आता पत्र खरोखर त्याच पेढीकडून निघाले काय, हे तपासण्याच्या खुणा ठरल्या आहेत. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल व याहू या कंपन्यांनी मोठ्या संख्येने पत्रे धाडणाऱ्यांस या खुणा सक्तीच्या केल्या. शिवाय हजारांत तिघांपर्यंत ग्राहकांनी ‘स्पॅम’ म्हणून तक्रार केली, तर त्या धाडणाऱ्याची पत्रे अडविली जातील, असेही बजावले. संघाची पत्रसंख्या त्या मानाने अल्प असली, तरी तत्त्व सर्वांस सारखेच लागू पडते. म्हणून एक विनंती करतो. संघाचे एखादे पत्र आपणांस निरुपयोगी वाटले, तर ते खुशाल काढून टाकावे. पण त्यावर ‘स्पॅम’चा शिक्का मारू नये. तो शिक्का एका पत्रावर बसत नाही, तर संघाच्या पत्त्याच्या पतीवर बसतो, आणि पुढे इतर सभासदांची महत्त्वाची पत्रेही अडगळीत जाऊन पडू लागतात. बाजारात पत कशी जाते आणि ती परत मिळविण्यास किती वर्षे लागतात, हे आपण जाणतोच.

यंत्राची चाळणी उपयुक्त खरी, पण तिच्यावर विसंबून आम्ही केलेली एक चूक येथे सांगणे कर्तव्य आहे. काही वर्षांपूर्वी श्रावणात एका जुन्या सभासदाच्या पुतण्यास परगावच्या रुग्णालयात तातडीने दाखल करावे लागले. विम्याची रक्कम मंजूर होईपर्यंत चार लाख रुपयांची निकड होती. त्यांनी पुतण्याच्या फोनवरून, म्हणजे अनोळखी पत्त्यावरून, संघास पत्र लिहिले. त्यात ‘तातडीने’ हा शब्द होता, रकमेचा आकडा होता आणि बँकेचा खातेक्रमांकही होता. फसवे पत्र हुबेहूब असेच असते. यंत्राने ते अडवून ठेविले. त्या आठवड्यात आमच्यापैकी ज्याची पाळी होती, त्याने अडविलेली सुमारे दोनशे पत्रे न वाचताच एकदम रद्द केली. आम्हां तिघांपैकी कोणासही त्या पत्राचा पत्ता लागला नाही.

सुदैवाने नातलगांकडून पैशांची व्यवस्था झाली आणि मुलगा बरा झाला. पुढे भाद्रपदात क्षमावाणीच्या दिवशी मंदिरात त्या सभासदांची गाठ पडली. आम्ही रिवाजाप्रमाणे हात जोडून क्षमा मागितली. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “तुम्ही सगळ्यांनी वाचलं आणि गप्प राहिलात, असंच आम्ही धरून चाललो होतो.” कोणते पत्र, हेच आम्हांस कळेना. खुलासा झाला, त्यांचे मनही निवळले. परंतु जवळजवळ दोन महिने एक सज्जन गृहस्थ, आपल्या संकटात साडेतीनशे कुटुंबांपैकी एकही धावून आले नाही, या समजुतीने वावरत होते. आणि याला कारण आमची बेपर्वाई होती. एका बोटाने दोनशे पत्रे रद्द करण्यास एक पळ लागले. जो दुरावा त्यातून उत्पन्न झाला, तो कायम राहिला असता तर तो कशाने भरून निघता?

राखणदाराच्या चुका दोन प्रकारच्या असतात. वाईट पत्र आत सोडणे ही एक आणि चांगले पत्र बाहेर ठेवणे ही दुसरी. पहिली चूक सर्वांना दिसते व तिचा बोभाटा होतो. दुसरी कोणासच दिसत नाही. त्यामुळे राखणदाराचा कल नेहमी अधिकाधिक अडविण्याकडे झुकतो. अडवून कोणी रागे भरत नाही, सोडून मात्र बोलणी खावी लागतात. हा झुकाव ओळखून तराजूची दांडी सरळ ठेवणे, हेच या कामातील खरे कौशल्य होय.

पहिल्या प्रकारची चूकही क्षुल्लक नसते, हे सांगितले पाहिजे. हल्ली एक फसवणूक विशेष फैलावली आहे. भामटा दोन पेढ्यांमधील पत्रव्यवहार गुपचूप वाचत राहतो. मालाचे पैसे द्यावयाची वेळ आली की विकणाऱ्याच्या नावाने पत्र येते: आमचे बँक खाते बदलले आहे, रक्कम नव्या खात्यात भरावी. पत्ता खऱ्यासारखाच, फक्त एखादे अक्षर इकडचे तिकडे. पैसे गेले की ते परत येण्याची आशा फार थोडी. खाते बदलल्याचे पत्र कितीही खरे वाटले, तरी पूर्वीपासून माहीत असलेल्या क्रमांकावर फोन करून प्रत्यक्ष आवाज ऐकल्याशिवाय एक रुपयाही भरू नये. पत्रात दिलेल्या क्रमांकावर फोन करणे म्हणजे चोरालाच चोरीची चौकशी करणे होय. फसवणूक झालीच, तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे. पैसे पुढे सरकण्यापूर्वी कळले, तर ते गोठविता येतात. श्रावकाच्या सत्यव्रताचे जे अतिचार आपल्या आचार्यांनी सांगितले, त्यांत कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख तयार करणे, हा एक आहे. साधने बदलली, दोष तोच आहे.

फसवणुकीपेक्षाही भयंकर अशी एक गोष्ट आहे, ती म्हणजे अफवा. नोटाबंदीची घोषणा होऊन तीन दिवस झाले होते, तेव्हा ११ नोव्हेंबर २०१६ रोजी मीठ संपत आल्याची अफवा उत्तर भारतातील अनेक गावांत व दिल्लीत पसरली आणि पाहता पाहता इतर शहरांतही पोचली. तीन बाजूंनी समुद्र असलेल्या आणि मीठ पिकविण्यात जगात अग्रेसर असलेल्या देशात लोक मिठासाठी रांगा लावू लागले, आणि काही दुकानदारांनी किलोमागे दोनशे रुपयांहून अधिक भाव मागितला. त्या दुकानदारांनी एका रात्रीत काय कमविले आणि गिऱ्हाइकाच्या मनातून काय गमविले, याचा विचार प्रत्येक व्यापाऱ्याने करावा. याहून दारुण घटना १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे घडली. मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवा फोनवरून फिरत होत्या. भिक्षा मागून पोट भरणाऱ्या भटक्या समाजातील पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. त्याच महिन्यात, अशा एकामागून एक घडलेल्या घटनांनंतर, एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे धाडता येऊ नये, असे बंधन व्हॉट्सॲपने भारतात आणण्याचे जाहीर केले. यंत्राने घातलेले बंधन पाचांचे आहे. विवेकाने घातलेले बंधन याहून कडक असावयास हवे. जे आपण स्वतः पाहिले नाही किंवा ज्याची खात्री केली नाही, ते एकासही पुढे धाडू नये.

आता थोडे आपल्या स्वतःविषयी. आमच्या अनुभवात पेटी तुंबते ती परक्यांच्या पत्रांनी कमी आणि आपल्याच पत्रांनी अधिक. रोजच्या सुप्रभाताच्या शुभेच्छा, एकाने विचारलेल्या प्रश्नास ‘धन्यवाद’ एवढेच उत्तर सर्व सभासदांना, एकाच दुकानाच्या सवलतीची आठवड्यातून चार वेळा जाहिरात. एकदा तर दोन सभासद एकाच वेळी यात्रेस गेले. ‘आम्ही बाहेरगावी आहोत’ असे उत्तर आपोआप धाडण्याची सोय दोघांनीही करून ठेविली होती. एकाच्या यंत्राचे उत्तर सर्वांना गेले, त्यास दुसऱ्याच्या यंत्राने उत्तर दिले, त्यास पुन्हा पहिल्याने! रात्रभर दोन रिकामी घरे एकमेकांशी बोलत राहिली आणि सकाळी प्रत्येक सभासदाच्या पेटीत ढीग पडला. हसू येते खरे. पण त्या ढिगाखाली एका सभासदाकडील निधनवार्ता दडली होती आणि कित्येकांस अंत्ययात्रेस जाता आले नाही. निरर्थक बोलण्यासही काही मूल्य मोजावे लागते आणि ते भलताच कोणी मोजतो.

राखणदाराने मतांवरही पहारा द्यावा काय? हा प्रश्न नाजूक आहे. संघाच्या एका निर्णयावर टीका करणारे पत्र आम्ही पूर्वी ‘योग्य जागी मांडावे’ असे म्हणून अडविले होते. आज ते आम्हांस चुकीचे वाटते. भाषा सभ्य असेल आणि वस्तुस्थिती खरी असेल, तर कार्यकारिणीवरील टीका अडविण्याचा अधिकार कार्यकारिणीने नेमलेल्या माणसास असता कामा नये. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली एका प्रकरणात असे म्हटले की, समान हेतू दिसून आल्याशिवाय व्हॉट्सॲप गटाच्या चालकास सभासदाच्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल दोषी धरता येणार नाही. म्हणजे भीतीपोटी सर्व काही अडविण्याचेही कारण उरलेले नाही.

एका बाबतीत मात्र राखणदाराने कठोर असावे. ‘अमुक भावाखाली कोणी माल विकू नये’ अशा आशयाचे पत्र सामायिक पेटीत कधीही येता कामा नये. २००२ च्या स्पर्धा कायद्याच्या कलम ३ अन्वये, व्यापाऱ्यांनी किंवा त्यांच्या संघटनेने संगनमताने भाव ठरविणे हा गुन्हेवजा दोष असून त्यास जबर दंड आहे, आणि अशी पत्रे स्पर्धा आयोगापुढे पुरावा ठरतात. कालचा बाजारभाव काय निघाला हे सांगणे वेगळे, आणि उद्याचा भाव एकमताने बांधणे वेगळे. पुष्कळ सभासदांस हा भेद ठाऊक नसतो. तो त्यांस समजावून सांगणे हेही राखणदाराचे काम आहे.

या सर्व विचारांती पुढील सूचना आम्ही वार्षिक सभेपुढे ठेवीत आहोत. नवा सभासद पेटीत घेताना जुन्या सभासदाची ओळख असावी आणि त्याची पहिली काही पत्रे पाहूनच सोडावीत. सभासदांच्या पत्त्यांची यादी कोणासही छापून किंवा पाठवून देऊ नये, कारण भामट्यांचे भांडवल तेच असते. जाहिरातीसाठी आठवड्यातील एक वार राखून ठेवावा व पत्राच्या मथळ्यात तसे स्पष्ट लिहावे. शोकवार्ता व मदतीची हाक यांस अग्रक्रम असावा. अनोळखी पत्त्यावरून मदतीची हाक आली, तर ती रद्द न करता संबंधित घरी फोन करून खात्री करावी. कोणतेही पत्र एकट्याने नाकारू नये. दोघांनी पाहावे, आणि सभासदाचे असल्यास चोवीस तासांच्या आत त्यास कारण कळवावे. कारण न पटल्यास त्यास संघाच्या ज्येष्ठांकडे दाद मागता यावी. अडविलेल्या पत्रांची वही ठेवावी आणि वर्षअखेर जमाखर्चाबरोबर तीही सभेपुढे मांडावी. राखणदारही दर दोन वर्षांनी बदलावेत. आमच्यापासूनच प्रारंभ व्हावा.

वही ठेवण्याचे काम कंटाळवाणे आहे, असे कोणी म्हणेल. पेढीची रोजकीर्दही कंटाळवाणीच असते. परंतु पेढी तिच्यावरच उभी असते. यंत्र दिवसेंदिवस अधिक चतुर होईल, भामटेही होतील. त्या दोघांच्या चढाओढीत एखाद्या संकटग्रस्त सभासदाची हाक मध्येच हरवू नये, एवढ्यासाठी कोणीतरी माणूस दाराशी जागा राहिला पाहिजे. ते दार आम्ही एकदा न पाहताच लावून घेतले होते. पुन्हा तसे होऊ नये, म्हणून हे निवेदन. सभासदबंधू-भगिनींनी त्याचा विचार करावा आणि सभेत आपले मत निःसंकोचपणे मांडावे, अशी विनंती करून लेखणी ठेवतो.